सर्किटचा कागद कुणाकडे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये एक अहवाल दिला. वस्तू विकत घेतानाच ती किती सहज दुरुस्त होईल याचे गुण गिऱ्हाइकाला दिसावेत, अशी त्यात शिफारस आहे. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. स्पीकर, साउंडबार, इअरबड, ॲम्प्लिफायर यांचा नंबर पुढे कधीतरी लागेल. तो लागण्याआधी गुणांची पट्टी आखणाऱ्यांनी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एखाद्या मेकॅनिकच्या टेबलाशेजारी दिवसभर बसून यावे. आवाजाच्या यंत्रांइतका दुरुस्तीचा लांब आणि उलटसुलट इतिहास दुसऱ्या घरगुती वस्तूंना क्वचितच असेल, आणि त्या इतिहासातून आपण सहसा चुकीचा धडा घेतो.

तो धडा सगळ्यांना पाठ आहे. पूर्वीच्या वस्तू दणकट होत्या, आताच्या वापरा आणि फेका, जुने ते सोने. म्हणायला बरे वाटते, पण यातून धोरण काही निघत नाही. ठाण्याच्या कारखान्यातून निघालेला मर्फीचा रेडिओ दुरुस्त होई तो लाकूड जाड होते म्हणून नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे, की यंत्र दुरुस्त होते की नाही हे त्याच्या वयावर ठरत नाही आणि किमतीवर तर नाहीच. त्यातले भाग किती सामाईक आहेत, म्हणजे कुठल्याही कंपनीचे चालतात का, आणि त्याचे सर्किट, म्हणजे आतल्या जोडणीचा नकाशा, कुणाच्या हातात आहे, यावर ते ठरते.

सत्तरच्या दशकातला एखादा स्टीरिओ ॲम्प्लिफायर उघडून पाहा. चार-सहा स्क्रू काढले की वरचा पत्रा निघतो. कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर, शेजारी रेक्टिफायर, बोटाएवढे किंवा डब्यासारखे दोन मोठे कंडेन्सर (पुस्तकात कपॅसिटर, टेबलावर कंडेन्सरच), आणि मागे हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) स्क्रूने घट्ट बसवलेले आउटपुटचे ट्रान्झिस्टर. अनुभवी मेकॅनिक असा सेट थेट मेनला लावत नाही. आधी तो शंभर वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये जोडतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. दोन-पाचशे रुपयांच्या सामानावर उभी असलेली ही तपासणी कित्येक हजारांचा सेट दुसऱ्यांदा जळण्यापासून वाचवते. (त्यासाठी लागणारा तारेचा पिवळा बल्ब आता शोधावा लागतो. एलईडी या कामाला चालत नाही.)

मग दोष शोधायचा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि गंज. क्लीनर मारून दहा वेळा फिरवले की बहुधा जाते. सतत घूं असा आवाज येतो, म्हणजे फिल्टर कंडेन्सर वाळला. एक बाजू बंद, तर त्या बाजूचे आउटपुट गेले किंवा रिलेचे पॉइंट काळे पडले. यातला प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, मीटरवर तपासता येतो आणि बाजारात वेगळा मिळतो. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर तर वाळणारच. आत ओला पदार्थ असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडतो. म्हणजे जुना सेट अमर होता असे कुणी समजू नये. तो ठरावीक काळाने बिघडणारच होता. बिघडल्यावर काय करायचे याची सोय मात्र त्याच्या रचनेतच होती.

त्या सोयीचा गाभा भागांच्या अंगावर छापलेल्या नंबरांत आहे. युरोपीय व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधी तेच काम करणाऱ्या काचेच्या नळीवर) ईसीसी८३ असे लिहिलेले असे. ई म्हणजे ६.३ व्होल्टचे फिलामेंट, सीसी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे आवाज वाढवणारे दोन घटक. ट्रान्झिस्टर आले तशी हीच पद्धत पुढे चालली: एसी१२८ मधला ए म्हणजे जर्मेनियम, बीसी१४८ मधला बी म्हणजे सिलिकॉन, आणि सी म्हणजे ध्वनीच्या कामाचा लहान ट्रान्झिस्टर. नंबर कुठल्याही एका कंपनीचा नव्हता. फिलिप्स तो बनवी, इतर बनवत, आणि आपल्याकडे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही एसी१२८ बनवत असे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने आणलेला २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर आजही बनतो, आणि त्यावर नाव कुणाचेही असले तरी तो त्याच दोन स्क्रूंवर, त्याच अंतरावर बसतो. जेनेरिक औषधाचे जे तत्त्व, तेच इथले. रेणूचे नाव ठाऊक असले की कंपनी बदलून चालते.

दुसरी सोय म्हणजे कागद. व्हॉल्व्ह सेटच्या पेटीत कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा तक्ता चिकटवलेला असे. सत्तरच्या दशकातल्या कित्येक जपानी ॲम्प्लिफायरांच्या वापरपुस्तिकेत शेवटच्या पानावर पूर्ण सर्किट छापलेले असे, म्हणजे ते आधी गिऱ्हाइकाच्या हातात पडे आणि मग मेकॅनिकच्या. त्याशिवाय सर्व्हिस मॅन्युअल, त्यात प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट दिसायला हवेत हे लिहिलेले. आजही पन्नास वर्षांपूर्वीचा सेट दुरुस्त होतो तो या कागदांच्या झेरॉक्सवर. कंपनी बुडाली, कारखान्याच्या जागी टॉवर उभे राहिले, पण कागद राहिला.

आता या चित्राला दोन छेद देणे भाग आहे, नाहीतर मीही जुने ते सोने गाणाऱ्यांच्या ओळीत बसेन.

पहिला छेद असा, की सगळे जुने दुरुस्त होत नाही. ऐंशीच्या दशकात सान्योचे एसटीके नावाचे ठोकळे सगळीकडे पसरले. पूर्ण आउटपुट एका काळ्या तुकड्यात. जोडणी सोपी, सेट स्वस्त, आणि म्हणून असंख्य टेपडेक आणि म्युझिक सिस्टीममध्ये ते बसले. मूळ उत्पादन बंद झाल्यावर बाजारात नकली माल भरला. आतला एक ट्रान्झिस्टर गेला तरी सगळा ठोकळा बदलायचा, आणि बदललेला ठोकळा महिनाभर टिकेल की तासभर, याची हमी दुकानदारही देत नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडी प्लेयरचे तर याहून वाईट. लेझर कमजोर झाले आणि त्या प्रकारचे पिकअप (तबकडी वाचणारा लेझरचा भाग) बनणे थांबले की उत्तम पत्र्याचा, जड, महागडा प्लेयर म्हणजे शोभेची पेटी. उलट त्याच्याहून दोन पिढ्या जुन्या ॲम्प्लिफायरसाठी लागणारा ईसीसी८३ आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये नव्याने बनतो, कारण गिटारवाल्यांना तो अजून हवा आहे. वयाने मोठा तो दुरुस्त होतो, लहान तो होत नाही.

दुसरा छेद पैशाचा आहे आणि तो मला अधिक बोचतो. त्या काळी स्टीरिओ ही मराठी मध्यमवर्गातही मोजक्या घरांतली वस्तू होती. रेडिओला पोस्टात जाऊन परवाना फी भरावी लागे. लोक दुरुस्ती करून घेत याचे मोठे कारण नवीन घेणे परवडत नव्हते हे होते. आयातीवर बंधने होती म्हणून सगळ्या कारखान्यांना तेच ठरावीक देशी भाग वापरावे लागत, आणि म्हणून ते भाग गावोगाव मिळत. म्हणजे ज्या सामाईकपणाचे मी गुण गातो आहे त्याचा मोठा हिस्सा टंचाईची देणगी होता. आज ऊसतोडीच्या तांड्यावर काही शेकड्यांच्या स्पीकरवर गाणी लागतात. ही सोय काढून घेऊन कुणाला सद्गुणी टंचाई परत द्यावी, असे मी तरी म्हणणार नाही. विजेचाही हिशेब आहे: जुना ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपास वीज हीटसिंक तापवण्यात घालवतो, आताचे क्लास-डी ॲम्प्लिफायर नव्वद टक्क्यांच्या जवळपास वीज स्पीकरपर्यंत पोचवतात.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की आजची स्वस्त, हलकी, वीज वाचवणारी यंत्रे दुरुस्तीयोग्य असू शकतात का? असू शकतात, आणि पुरावा आपल्याच गल्लीत आहे.

गणपतीच्या दिवसांत वाजणारे ॲम्प्लिफायर बघा. आवाजाच्या पातळीबद्दलचे माझे मत वेगळे आहे, ते इथे नको. पण मंडपवाल्याचा किंवा डीजेवाल्याचा ॲम्प्लिफायर रात्री बंद पडला तर सकाळच्या सुपारीआधी तो उभा करावाच लागतो. म्हणून त्यात कुणाही दुकानदाराला तोंडपाठ असलेले ५२०० आणि १९४३ हे जोडीचे ट्रान्झिस्टर असतात, रांगेत, स्क्रूवर. स्पीकरची कॉइल जळली तर नवी भरून मिळते, कोन फाटला तर नवा बसतो. शाळेच्या मैदानावरच्या भोंग्याच्या युनिटचा डायफ्राम तर तालुक्याच्या गावीही बदलून मिळतो. ही यंत्रे काल-परवा बनलेली आहेत. ती दुरुस्त होतात कारण त्यांचा गिऱ्हाईक धंदेवाला आहे आणि दुरुस्त न होणारा माल तो दुसऱ्यांदा घेत नाही. घरगुती गिऱ्हाइकाकडे ही ताकद नसते. तो पाच वर्षांतून एकदा बाजारात जातो आणि आत काय आहे हे त्याला कुणी दाखवत नाही. कायद्याची गरज नेमकी इथे आहे.

आणखी एक गंमत बघण्यासारखी आहे. फुटपाथवर मिळणाऱ्या बिननावाच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये बहुधा १८६५० हा सेल असतो. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, नंबरातच माप. तो कुणीही बनवतो, कुठेही मिळतो. चार्जिंगचा सॉकेट सामान्य, ब्लूटूथचे किट सामान्य. मोबाइलवाला पोरगा वीस मिनिटांत सेल बदलून देतो. त्याच्या वीसपट किमतीच्या नामांकित स्पीकरमध्ये बॅटरीचा आकार कंपनीचा, कनेक्टर कंपनीचा, कापड गोंदाने चिकटवलेले. स्वस्त माल पुन्हा गातो, महाग माल कपाटात जातो. दर्जाचे मोजमाप म्हणून हे उलटे वाटेल, पण सामाईकपणाचे मोजमाप म्हणून सरळ आहे.

इअरबड हा तर सगळ्यात कठीण नमुना मानला जातो. इतक्या छोट्या वस्तूत बॅटरी बदलण्याची सोय कशी करणार, हा प्रश्न ऐकून ऐकून खरा वाटू लागतो. यंत्रे उघडून गुण देणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी संस्थेने ॲपलच्या एअरपॉडला १० पैकी ० दिले. त्याच संस्थेने २०२४ मध्ये आलेल्या फेअरफोन या डच कंपनीच्या इअरबडला १० पैकी १० दिले. त्यात बॅटरी काढून दुसरी घालता येते. कान तेवढाच, बॅटरीही जवळपास तेवढीच. फरक ठरवण्याचा आहे. लिथियमची बॅटरी काही शे चार्जिंगनंतर मलूल होणार हे ती बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. तरीही ती गोंदात पुरली तर वस्तूच्या मरणाची तारीख आधीच लिहिली गेली.

इथपर्यंतचा अडथळा निदान हाताला लागतो. सॉफ्टवेअरचा अडथळा हाताला लागत नाही. सोनोस या अमेरिकी कंपनीने आपले जुने स्पीकर परत घेण्याच्या योजनेत एक 'रीसायकल मोड' ठेवला होता. नव्या मालावर तीस टक्के सवलत हवी असेल तर चालू स्पीकर या मोडमध्ये टाकायचा, की तो काही दिवसांनी कायमचा बंद. कोन, कॉइल, ॲम्प्लिफायर सगळे ठणठणीत, पण यंत्र मेलेले. ओरड झाली आणि २०२० मध्ये कंपनीने तो मोड काढून टाकला. स्पॉटिफायने गाडीत बसवायचे एक छोटे यंत्र विकले आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी विकलेली सगळी यंत्रे एकाच दिवशी बंद केली. असल्या बिघाडापुढे सिरीजचा बल्ब काय करणार? २एन३०५५ बनवणाऱ्या कुणालाही तुमच्या घरातला ॲम्प्लिफायर दुरून बंद करता येत नव्हता.

कंपन्यांचे आक्षेप मी हलके समजत नाही. पाण्यापासून बचाव हवा तर सील लागतेच, हे खरे. पण सील रबरी गॅस्केटने आणि स्क्रूनेही होते. गोंद स्वस्त पडतो, हे उत्तराचे दुसरे वाक्य असते आणि ते बोलले जात नाही. सुरक्षिततेचा मुद्दा मला अधिक कमकुवत वाटतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट असतात, स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते काही काळ साठून राहतात. त्या काळच्या कंपन्यांनी त्याचे सर्किट छापून दिले, सावधगिरी शिकवली, आणि मेकॅनिक शिकले. पाच व्होल्टवर चार्ज होणाऱ्या स्पीकरचा कागद गुप्त ठेवायला सुरक्षितता हे कारण पुरत नाही. राहिला बौद्धिक संपदेचा प्रश्न. सर्किट उघडे होते त्या काळात जपानी कंपन्या बुडाल्या नाहीत. उलट जगाचा बाजार त्यांनी त्याच काळात काबीज केला. नक्कल करणारा तसाही माल विकत घेऊन उघडतोच. कागद लपवल्याने अडतो तो फक्त दुरुस्ती करणारा.

आणि हे आपल्याकडे पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली नाहीत. पुढे अपिले झाली, पण तत्त्व नोंदले गेले. गाडीच्या बाबतीत जे अन्यायाचे, ते साउंडबारच्या बाबतीत न्यायाचे कसे होईल?

बाहेरच्या देशांत या मागण्या आता कायद्यात उतरल्या आहेत. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापावे लागतात. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून शंभर डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे भाग, साधने आणि माहिती मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षे द्यावी लागते. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता आली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे पोर्टल सुरू झाले. त्याचा उपयोग सर्व्हिस सेंटरचा पत्ता शोधण्यापलीकडे जायचा असेल तर तिथे सर्किट हवे. प्रत्येक मॉडेलचे, विक्री सुरू होण्याच्या दिवशी जमा केलेले. आणि कंपनीने सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला की यंत्र निदान वायर लावून वाजले पाहिजे, अशी अट हवी.

ई-कचऱ्याच्या नियमांचीही इथे दखल घ्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत उपकरणांचे प्रकार २१ वरून १०६ झाले. उत्पादकाने किती माल पुनर्चक्रित केला याची प्रमाणपत्रे त्यात मोजली जातात. वस्तू नूतनीकरण करून पुन्हा वापरात आणली तर उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, थोडी कमीही होते. पण त्यासाठी नूतनीकरण करणारा नोंदणीकृत हवा. तपकीर गल्लीतला मेकॅनिक आयुष्यभर जे करत आला ते या हिशेबात शून्य धरले जाते. दळलेले प्लास्टिक टनांत मोजले जाते, वाचवलेला सेट मोजला जात नाही.

आता पुन्हा त्या अहवालाकडे. गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे, अशी त्यातली कल्पना आहे. मला हा सगळ्यात कच्चा दुवा वाटतो. स्क्रूंची संख्या आणि उघडायच्या पायऱ्या मोजून गुण भरपूर मिळवता येतील आणि तरीही भाग मिळणार नाही. माझी सूचना अशी, की प्रत्येक मॉडेलचे तीन नमुने मुद्दाम बिघडवावेत: एकात मेलेली बॅटरी, एकात तुटलेला चार्जिंग सॉकेट, एकात जळलेले आउटपुट. ते कंपनीशी संबंध नसलेल्या तीन मेकॅनिकांना द्यावेत. हातात फक्त जाहीर झालेली माहिती, खरेदी फक्त खुल्या बाजारातून, वेळ आठवडाभर. त्यांची मजुरी उत्पादकाकडून घ्यावी. तीनपैकी किती वाजू लागले आणि खर्च नव्या वस्तूच्या किमतीच्या किती टक्के आला, हे दोनच आकडे खोक्यावर छापावेत. मेकॅनिक निवडताना जिल्ह्याच्या ठिकाणचा एक तरी असावा, कारण लॅमिंग्टन रोडवर जे मिळते ते परभणीत मिळेलच असे नाही, आणि स्पीकर तर दोन्हीकडे विकला जातो.